एका अर्गाचा उजेड

सकाळी उन्हं अंगणात उतरली की कडूबा तांब्याभर पाणी घेऊन तुळशीपाशी उभा राहायचा आणि सूर्याला अर्घ द्यायचा. खरं तर हे काम त्याचं नव्हतं, रुखमाबाईचं होतं. लग्न होऊन डोणगावात आल्यापासून तिनं ते कधी चुकवलं नव्हतं आणि कडूबानं कधी त्यात लक्ष घातलं नव्हतं. रुखमाबाई आषाढात गेली. दिवस झाले, पाहुणे पांगले, लेक सोनाळ्याला सासरी परत गेली. दुसऱ्या दिवशी तुळशीपाशी पालथा पडलेला तांब्या पाहून त्यानं तो भरला. मंत्र त्याला येत नव्हता. तिलाही येत नव्हता. पाणी सोडताना ती काहीतरी पुटपुटायची. काय, ते विचारायचं राहून गेलं होतं.

कार्तिकातल्या त्या सकाळी तो पाणी सोडणार, एवढ्यात पुढच्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला.

पुढची खोली त्यानं भालचंद्र मास्तरांना भाड्यानं दिली होती. मास्तर पुण्याचे. जूनमध्ये बायकोला घेऊन गावच्या नव्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला आले होते. महाराष्ट्र होऊन तीनचार वर्षं झाली होती आणि शास्त्र आता मराठीत लिहिलं पाहिजे असं मास्तरांच्या मनानं घेतलं होतं. पुण्याच्या एका मासिकासाठी ते लेख लिहायचे आणि लिहिलेलं मोठ्यानं शरयूला वाचून दाखवायचे. "तुला कळलं की कुणालाही कळेल," असं ते म्हणायचे. ती म्हणायची, "हे कौतुक समजू की टोमणा?"

"म्हणजे एका अर्गात," मास्तर वाचत होते, "बासष्ट हजार चारशे कोटी मावतात."

कडूबाचा हात तसाच थांबला. तांब्या तिरपा, पाणी काठाशी. मग तो तांब्या घेऊन सरळ मास्तरांच्या दारात गेला.

"मास्तर, एका अर्घात बासष्ट हजार कोटी?"

"हो काका. बासष्ट हजार चारशे."

"एकाच अर्घात?"

"एकाच."

"अन् हे कोनं मोजलं?"

"शास्त्रज्ञांनी. फार काटेकोर मोजलंय."

कडूबानं तांब्यातल्या पाण्याकडे पाहिलं. रुखमाबाईनं उभ्या जन्मात असे किती तांबे सोडले असतील, याचा हिशोब त्याच्या डोक्यात सुरू झाला आणि लगेच बुडाला.

अंगणात त्याची भावजय मनकर्णाबाई सुपात तीळ पाखडत बसली होती. थोरला भाऊ गेल्यापासून ती शेजारच्या घरात एकटीच राहायची आणि रुखमाबाई गेल्यापासून कडूबाचं जेवण तिच्याकडेच होतं. ती सूप न थांबवता म्हणाली, "भावजी, तांब्याभर पान्यात एवढं पुन्य असतं तं गावातल्या साऱ्या म्हशी सोर्गात गेल्या असत्या. दिवसभर पान्यातच बसतात."

"पुण्य?" मास्तर चक्रावले. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते हसायला लागले. शरयूही हसली, पण तोंडाला पदर लावून.

"काका, अर्घ नाही. अर्ग. ग. ऊर्जेचं माप आहे ते. तुमचं शेर, पायली असतं ना, तसं."

कडूबा ओशाळला. "मंग अर्ग म्हना ना. सकाळच्या पारी मानसाले फसवून राह्यले."

तो वळला असता. पण बासष्ट हजार कोटींचा आकडा दारातून हलू देईना. "ते माप असते केवढं?" त्यानं विचारलं.

मास्तरांना हेच हवं होतं. लेखातली हीच जागा अडली होती. ते उठून अंगणात आले आणि मनकर्णाबाईच्या सुपातून एक तीळ त्यांनी बोटाला चिकटवून घेतला. ओसरीच्या दगडावर तो ठेवला. मग चिमटीत धरून जरासा उचलला, इतका जरासा की उचलला हे वाकून पाहावं लागलं.

"तीळ त्याच्या स्वतःच्या लांबीएवढाच वर उचलला. याला जी ताकद खर्च झाली ती साधारण एक अर्ग."

कडूबानं खाली बसून तीळ पाहिला. त्यानं आयुष्यात कपाशीच्या गाठी उचलल्या होत्या, ज्वारीची पोती पाठीवर घेतली होती, चिखलात रुतलेली गाडी खांदा लावून काढली होती. त्यानं तीळ चिमटीत धरला आणि उचलला. हाताला काही लागलंच नाही.

"ही ताकद?"

"हीच."

"अन् हिचेबी तुकडे? बासष्ट हजार कोटी?"

"हो. त्या एकेका तुकड्याला इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणतात."

"नाव मोठं अन् लक्षन खोटं," मनकर्णाबाई म्हणाली. "एवढुसं कोनाच्या काय कामाचं, मास्तर? मुंगीबी भीक घेनार नाही त्याची."

"डोळ्याच्या कामाचं," मास्तर म्हणाले.

तीळ कडूबाच्या चिमटीतच राहिला.

मास्तर सांगत गेले. उजेड कणाकणानं येतो. त्यातल्या एका कणात असले दोन किंवा थोडे जास्त तुकडे असतात. माणूस पुरेसा वेळ अंधारात बसलेला असला, तर त्याच्या डोळ्यापाशी असे शंभरेक कण एकदम पोचले तरी त्याला ते दिसतात. एक लुकलुक दिसते.

"या तिळाला उचलायला जेवढं लागलं, तेवढ्याचा जर उजेड करून माणशी वाटला," मास्तर म्हणाले, "तर अडीचशे कोटी माणसांना एकेक लुकलुक दिसेल. आपल्या देशात माणसं पंचेचाळीस कोटी. अख्ख्या देशाला पाचदा वाटून वर उरेल."

सूप थांबलं. मनकर्णाबाईनं सुपातल्या तिळांकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला, देवळात घेतात तसा.

कडूबानं चिमटीतला तीळ डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "डोळ्याले एवढंच लागते?"

"एवढंच."

त्यानं तीळ हळूच सुपात ठेवला. तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं. सूर्याकडे न पाहता त्यानं विळा घेतला आणि तो शेतात निघून गेला.

"माझं काही चुकलं का?" मास्तरांनी विचारलं.

मनकर्णाबाईनं शरयूकडे पाहिलं. शरयू आत निघून गेली.

दुपारी कडूबा लवकर परतला. मास्तरांना रविवारची सुट्टी होती. कडूबा ओसरीवर त्यांच्यासमोर बसला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि मन घट्ट करून बोलायला लागला.

रुखमाबाई लहान असताना एकदा पेवात पडली होती. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा. वरून झाकण पडलं आणि आत ती आहे हे कुणाला कळलं नाही. संध्याकाळी सापडली. तेव्हापासून तिला कशाचंही भय नव्हतं, सापाचं नाही, सावकाराचं नाही, पण अंधाराचं होतं. शेवटच्या आजारात ती माजघरात पडून असायची. एकदा तिनं कडूबाचा हात धरून सांगितलं होतं, "एक करजा. मले अंधारात नका जाऊ देजा."

"म्या म्हटलं, नाही जाऊ देनार," कडूबा म्हणाला. "अन् ज्या दिवशी गेली त्या दिवशी मी घरी नव्हतो. औषध आनाले मेहकरले गेलतो. तिच्यापाशी तुमच्या बाई होत्या."

"हो. शरयू म्हणाली होती."

"बाईनं दिवा लावला होता. चांगला लावला होता. अन् दिवा जळून राह्यला, अन् ती इचारते, दिवा लावला काय?" कडूबानं मांडीवरचं पागोटं घट्ट धरलं. "वयनीनं सांगितलं मले. दिवा समोर जळतो अन् ती इचारते, लावला काय. म्हनजे डोळे पहिलेच गेले होते, मास्तर. अंधारातच गेली. पेवात गेली."

मास्तर जरा पुढं सरकले.

"तुमी म्हनता डोळ्याले एवढुसं पुरते. तिळाचा कोट्यवा हिस्सा. मंग तिले अख्खा दिवा कसा नाही दिसला? का दिसला असंल, थोडा तरी? मले खरं सांगजा. मन राखाले नका सांगू."

मास्तरांनी खरं तेच सांगितलं. "काका, डोळ्याला किती उजेड पुरतो हे मला माहीत आहे. त्या वेळी त्यांचा डोळा काम करत होता का, हे मला माहीत नाही. ते कुठलंच शास्त्र आता सांगू शकणार नाही."

कडूबानं मान हलवली. हे उत्तर त्याला बरं वाटलं नाही, पण माणूस खरं बोलला हे त्याला पटलं.

"एक करता येईल," थोड्या वेळानं मास्तर म्हणाले. "त्या जिथं होत्या तिथून काय दिसतं, ते पाहता येईल. तेवढंच."

माजघराचं दार आषाढापासून लावलेलं होतं. कडूबानं कडी काढली. आत ना खिडकी, ना कौलात काच. जाडजूड मातीच्या भिंती आणि उंचावर तळहाताएवढा एक झरोका, तोही शेजारच्या भिंतीला तोंड करून. बाहेरच्या उन्हातून आलेल्या दोघांना तोही दिसला नाही. दार लावल्यावर सगळं एकच काळं होतं.

"पाहा," कडूबा म्हणाला. "हेच. हेच पेव."

"बसा. घाई करू नका. त्या बाहेरून आलेल्या नव्हत्या. इथंच असायच्या."

कडूबा चाचपडत भिंतीशी गेला आणि रुखमाबाईचं अंथरूण असायचं तिथं जमिनीवर बसला. मास्तर दाराशी बसले. बाहेर मनकर्णाबाई कुणाच्या तरी कोंबडीला शिव्या देत होती. इथं ते फार लांबून ऐकू येत होतं.

"काही दिसत नाही," कडूबा म्हणाला.

"बसा."

"माझा हात मले दिसून नाही राह्यला."

"डोळ्याला सवय होऊ द्या. डोळा आतून हळूहळू उघडत जातो. घटकाभर लागतं."

कडूबा बसला. आधी फक्त स्वतःचा श्वास होता. मग समोर कुठंतरी अंधार थोडा पातळ वाटला. तो झरोका होता. त्यानं मान खाली केली तेव्हा त्याला गुडघे दिसले. मग हात. हाताची बोटं. तो एकटक पाहत राहिला. भिंतीशी काहीतरी उभं होतं, खाली रुंद, वर निमुळतं. त्यानं ते ओळखलं आणि त्याच्या तोंडून हुंकार निघाला. मडक्यांची उतरंड. वरचं मडकं फुटक्या काठाचं, ते तिनं शेगावच्या बाजारातून आणलं होतं आणि येताना गाडीत तिच्याच हातून आपटलं होतं. तो फुटका काठसुद्धा दिसत होता.

"मास्तर," तो हळू बोलला, "मडकं दिसून राह्यलं."

"अजून बसा."

मग जातं दिसलं, जात्याचा खुंटा दिसला. खुंटीवरची दोरी दिसली. तुळईला तिनं हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली होती. रंग कळत नव्हते, पण पाच बोटं मोजता येत होती. कडूबा या घरात जन्मला होता आणि ही खोली त्यानं कधी अशी पाहिली नव्हती. यायचा तो उन्हातून यायचा, काहीतरी उचलून बाहेर जायचा. ही खोली अंधारी असं सगळे म्हणायचे, म्हणून तोही म्हणायचा. आणि हे सगळं इथं होतं. तिळातिळाच्या कोट्यंश उजेडात एकेक वस्तू आपापल्या जागी उभी होती आणि रुखमाबाई पडल्यापडल्या ते सगळं पाहत होती.

त्याच्या अंगावर काटा आला. देवाच्या दारात येतो तसा, पण देव समोर कुठं नव्हता. मडकी होती.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. शरयू चहा घेऊन आली होती. परसातल्या उन्हातून ती सरळ आत आलेली. उंबऱ्यावर तिचा पाय अडखळला आणि कपबशा वाजल्या.

"अगं बाई! किती अंधार करून बसलात. काही म्हणजे काही दिसत नाही." तिनं दार मागं लोटलं, ताट चाचपत खाली ठेवलं. दारालगतच्या कोनाड्यात चिमणी आणि काडेपेटी कुठं असते हे तिच्या हाताला माहीत होतं. काडी ओढली गेली. चिमणी पेटली.

त्या ज्योतीनं कडूबाचे डोळे दिपले. उतरंड, जातं, पाच बोटं सगळं एकदम पुसलं गेलं. त्यानं हात आडवा धरला आणि तो वैतागून म्हणाला, "बाई, दिवा काऊन लावला?"

शरयू जळती काडी हातात धरून तशीच उभी राहिली. काडी बोटापर्यंत आली तेव्हा तिनं ती टाकली.

"काय म्हणालात?"

"नाही, रागानं नाही म्हटलं. चांगलं दिसून राह्यलं होतं, म्हून..."

"तसं नाही. परत म्हणा. जसं म्हणालात तसं."

"दिवा काऊन लावला, म्हटलं."

शरयू जागीच खाली बसली. "त्या हेच म्हणाल्या होत्या," ती म्हणाली. "अगदी हेच. याच सुरात. मी तेव्हाही अशीच दुपारी बाहेरून येऊन इथंच उभी होते, आणि त्या तिथं, तुम्ही बसलात तिथं."

मास्तर उठून उभे राहिले. "पण तू तर म्हणालीस, त्यांनी विचारलं की दिवा लावला का?"

"मला तेव्हा इथं येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, इकडे 'का'ला 'काऊन' म्हणतात. मी तेवढंच लक्षात ठेवलं. काऊन म्हणजे का. दिवा काऊन लावला, म्हणजे दिवा लावला का. मी मनात तसंच फिरवून घेतलं, आणि तेच मनकर्णाबाईंना सांगितलं. आणि त्यांनी तुम्हाला." ती कडूबाकडे पाहत होती. "आता रोज ऐकते मी काऊन, काऊन; ते 'कशाला' असतं हे आता कळतं. पण त्या दिवशीचे शब्द माझ्यापाशी राहिलेच नव्हते. माझंच मराठी राहिलं होतं. आत्ता तुम्ही बोललात आणि त्यांचा आवाज आला."

कडूबा बराच वेळ तोच शब्द तोंडात घोळवत होता. काऊन. डोणगावातलं शेंबडं पोरही दिवसातून शंभरदा म्हणतं. काऊन रडून राह्यला, काऊन मारलं, काऊन नाही जेवला. काऊन विचारायला आधी काहीतरी दिसावं लागतं.

"म्हनजे तिनं पाह्यला," तो म्हणाला. "दिवा."

"हो."

"दिवा पाह्यला, अन् म्हने, काऊन लावला."

"हो काका. मी चुकले. एवढे महिने तुम्हाला..."

"थांबा, बाई." त्यानं हात वर केला. त्याचा चेहरा कसातरीच झाला होता, हसतो की रडतो ते चिमणीच्या उजेडातही कळत नव्हतं. "दिवसा दिवा जाळलेला तिले कधी चालला नाही. मातीचं तेल का फुकट येते, म्हने. मी एकडाव भर दुपारी इथं दोरी शोधाले दिवा लावला होता. फुंकून टाकला तिनं. म्हने, बसा जरा, दिसते. माह्यावर हसली. मी म्हटलं, तुले अंधाराचं भेव, अन् मले सांगतं. तं म्हने, हा कुठचा अंधार?"

आता त्याला ते आठवलं होतं, आणि इतकी वर्षं ते कुठं होतं कोण जाणे.

"हा कुठचा अंधार," तो पुन्हा म्हणाला.

मास्तर डोळे पुसत होते आणि पुसत नाही असं दाखवत होते. शरयूनं चहाचा कप पुढं केला. कडूबानं तो घेतला नाही. तो उठला, कोनाड्यापाशी गेला आणि चिमणीवर फुंकर मारली. खोली पुन्हा काळी झाली. तो जागेवर येऊन बसला.

बाहेरून मनकर्णाबाईची हाक आली. "भावजी! तिघंच्या तिघं कुठं गडप झाले? तीळ भरून ठेवाचे हायेत, डबा कुठं हाय?" मग दार उघडलं आणि ती उंबऱ्यात उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून. "अव माय. या काळोखात काय करून राह्यले? चिमनी लावा ना कोनी."

"वयनी, आत ये," कडूबा म्हणाला. "दार लाव अन् बस."

"येड लागलं काय? मले काही दिसून नाही राह्यलं."

"बस," कडूबा म्हणाला. "घडीभर बस. मंग दिसते."